वाचता येणारा मासा

आमच्या नानांना मासे फार आवडतात, पण ओळखता येत नाहीत. रत्नागिरीकडच्या माणसाबद्दल असं चारचौघांत बोलू नये, म्हणून आमच्या घरात ही गोष्ट हळू आवाजात बोलली जाते. तशी थिअरी त्यांची पक्की आहे. कल्ला उचलून आत लाल आहे का पाहायचं, डोळा वर आलाय की आत गेलाय ते बघायचं, पोटावर बोट दाबून खळगा भरून येतो का ते तपासायचं, हे सगळं ते कुणालाही समजावून सांगतील. प्रत्यक्ष मुंबईत सिटीलाइटच्या मासळीबाजारात उभे राहिले की मात्र त्यांना सगळीच पापलेटं सारखीच प्रामाणिक दिसतात. कोळणी त्यांना लांबून ओळखतात. "या साहेब, तुमच्यासाठीच ठेवलाय," असं कानावर पडलं की नाना खुलतात आणि कालचा हलवा आजच्या भावाने घरी येतो. माई, म्हणजे माझी काकू, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ वाढलेली. ती पिशवीत डोकावतसुद्धा नाही. पिशवी उंबरठ्यावर असतानाच म्हणते, "तळायला घेते. कालवणाला नको हा."

नाना एका बँकेत ऑडिटला होते. कागदावर लिहिलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नाही आणि न लिहिलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या नजरेस पडत नाही. मिक्सरबरोबर आलेली माहितीपुस्तिका परक्या भाषांतल्या पानांसकट चाळणारा, खोकल्याच्या बाटलीवरचा बारीक टाइप शेवटपर्यंत वाचून मगच चमचा हातात घेणारा हा माणूस. माशावर काहीच लिहिलेलं नसतं, ही त्यांची जन्माची अडचण होती.

डब्यातल्या माशाबद्दलचं त्यांचं मत पूर्वी अस्सल कोकणी होतं. आमच्याकडे कॅनिंग म्हटलं की आंबा. पेटी भरताना जो डागी निघतो, जो लहान राहतो, जो वाऱ्याने पडतो, तो कॅनिंगला जातो, आणि तोही डझनावर नाही, किलोवर. जे पाहुण्याला दाखवता येत नाही ते डब्यात घालायचं, अशी रीत. त्यामुळे चिरंजीवांनी लिस्बनहून पहिल्यांदा सार्डिनचे डबे आणले तेव्हा नानांना तो दुहेरी अपमान वाटला. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण. "एक तर तारली, आणि तीही डब्यातली?" ते म्हणाले. "त्यापेक्षा सरळ सांग ना, पगार कमी झालाय म्हणून."

पगार कमी झालेला नव्हता. तो दाखवायलाच चिरंजीवांनी आईवडिलांना लिस्बनला बोलावलं आणि एका दुपारी नानांना रुआ दुस बाकाल्येइरोस या रस्त्यावरच्या 'कोन्सर्वेइरा दे लिस्बोआ'मध्ये नेलं. दुकान १९३० सालचं. भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर वरपर्यंत डबेच डबे, आणि तुम्ही निवडलेले डबे कागदात गुंडाळून वर दोरी बांधून देणार. नाना दारातच थबकले. दोरी बांधून मिळणारी वस्तू खोटी नसते, असं त्यांचं शाळकरी वयापासूनचं मत आहे. त्यांनी एक डबा उचलला आणि ऑडिटरच्या सवयीने, चित्राकडे न बघता, उलटा केला.

मागे सगळं लिहिलेलं होतं. माशाचं लॅटिन नाव. तेल कुठलं ते. निव्वळ वजन, आणि तेल निथळल्यावर उरणाऱ्या माशाचं वजन वेगळं. लॉट नंबर. कधीपर्यंत खावा ती तारीख. सत्तरीला टेकलेल्या नानांना त्या दुपारी वाचता येणारा मासा भेटला. ते दुकानातून दोन तासांनी बाहेर आले, तेव्हा माई पायरीवर बसून होती आणि चिरंजीवांनी क्रेडिट कार्ड खिशात खोल ढकललं होतं.

कुठल्याही रसिकाच्या आयुष्यात आधी चव येते आणि मग ज्ञान. नानांच्या बाबतीत आधी ज्ञान आलं. पहिला डबा फोडायच्या आत त्यांनी या विषयावर दीड वही भरली. स्पेनमधल्या गालिसियाच्या खाड्यांमधले शिनाणे डब्यावर नगावर विकले जातात, हे त्यांना कळलं. '८/१०' लिहिलं असेल तर आत आठ ते दहा मोठे शिनाणे, म्हणून डबा महाग. '१४/१८' म्हणजे लहान, म्हणून स्वस्त. इथवर ठीक. पण सार्डिनच्या पिल्लांच्या डब्याला हाच हिशेब उलटा लागतो. जेवढे नग जास्त, तेवढा मासा बारीक, तेवढा तो नाजूक आणि तेवढा महाग. एकाच मांडणीवर डावीकडे आकडा वाढला की किंमत उतरते आणि उजवीकडे आकडा वाढला की किंमत चढते. या शोधाने नाना रात्रभर जागे होते. "जमा आणि नावे," ते पहाटे म्हणाले. माईला वाटलं, झोपेत बँकेत गेले.

मग त्यांना लंबगोल शिक्का सापडला. युरोपात असल्या मालावर एक छोटा लंबगोल छापलेला असतो. त्यात देशाची अक्षरं आणि ज्या कारखान्यात माल तयार झाला त्याचा नंबर. गिऱ्हाईक जलपरीचं चित्र बघतं, नाना लंबगोल बघतात. एका दुकानात त्यांना जलपरीवाला एक डबा आणि साध्या निळ्या कागदातला दुसरा डबा, दोन्हींवर एकच नंबर आढळला. किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. नानांनी दोन्ही डबे चिरंजीवांसमोर धरले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एकच शाखा, दोन नावांनी खाती." पुढे मात्र त्यांनी न्यायाने हेही सांगितलं की कारखाना एक म्हणून माल एक असं धरता येत नाही. मासा कुठल्या हंगामातला निवडला, तेल कुठलं घातलं, यावर पुष्कळ असतं. एवढा समतोल त्यांनी घरातल्या भांडणात कधी दाखवलेला नाही.

लिस्बनमध्ये पर्यटकांसाठी रंगीबेरंगी डबेही मिळतात. झाकणावर तुमचं जन्मवर्ष छापलेलं. लोक हौसेने आजीच्या सालाचा डबा घेतात. नानांनी त्यावरची 'कधीपर्यंत खावा' ही तारीख शोधून काढली आणि रांगेतल्या एका अनोळखी ब्रिटिश जोडप्याला समजावलं की वर्ष झाकणावर आहे, मासा चालू खात्यातला आहे. "धिस इज विंडो ड्रेसिंग, सर," ते म्हणाले. चिरंजीव तेव्हा दुसऱ्या मांडणीमागे गेले होते.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध मात्र ट्यूनाच्या एका स्वस्त डब्यावर लागला. काही डब्यांवर मासा कुठल्या समुद्रात धरला त्याचा आंतरराष्ट्रीय क्षेत्र क्रमांक देतात. पोर्तुगालसमोरचा समुद्र २७ मध्ये येतो, मोरोक्कोसमोरचा ३४ मध्ये. या डब्यावर होता ५१. नानांनी वही काढली. ५१ म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम भाग. त्यात अरबी समुद्र आला, आणि अरबी समुद्रात आमची कोकणपट्टी आली. स्पेनची मोठी जहाजं सेशेल्सच्या बाजूला जाऊन कुपा धरतात, हे त्यांनी आणखी वाचून नक्की केलं. "म्हणजे बघ," ते माईला म्हणाले, "मासा आपल्या अंगणातला. तो डब्यात बसून इथवर आला, आणि मी तो बॅगेत घालून परत नेणार."

"मिरकरवाड्याला रिक्षाने गेला असतात तर?" माई म्हणाली.

माईचा या सगळ्याला विरोध असा नाही. तिला फक्त लेबलात रस नाही. लिस्बनजवळच्या सेतुबाल या बंदरात सार्डिनच्या एका जुन्या कारखान्यातच आता श्रमाचं संग्रहालय आहे. तिथे नाना झाकण बसवण्याच्या यंत्रापाशी रमले. माई भिंतीवरच्या फोटोंसमोर उभी राहिली. ओळीने बसलेल्या बायका, डोक्याला फडकी, समोर माशांचे ढीग. होड्या किनाऱ्याला लागल्या की कारखाना भोंगा वाजवायचा आणि बायका हातातलं काम टाकून धावत यायच्या, मग दिवस असो की रात्र, असं चिरंजीवांनी वाचून दाखवलं. प्रत्येक कारखान्याच्या भोंग्याचा आवाज बाईला ओळखू यायचा. माई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्या दोघी मायलेकी आहेत. आणि हिच्या बोटांत मिठाने चिरा पडल्यात, म्हणून ही सुरी अशी धरते." फोटोखाली असं काहीच लिहिलेलं नव्हतं. नानांनी चष्मा वर करून खात्री केली.

मुंबईला परतल्यावर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटातून लग्नातला टीसेट बाहेर पडला आणि आत डबे आले. त्यांची लाल कापडी बाइंडिंगची नोंदवही झाली. अनुक्रमांक, जात, तेल, लॉट, खरेदीची तारीख, शेरा. फ्रान्समध्ये दर्दी लोक चांगल्या हंगामातले सार्डिनचे डबे वर्षानुवर्षं साठवतात आणि तेल सगळीकडून मुरावं म्हणून मधूनमधून उलटे करून ठेवतात, हे वाचल्यापासून नानाही डबे उलटतात. पण 'मधूनमधून' हा शब्द त्यांच्या वहीत बसत नाही. त्यामुळे आमच्याकडे सार्डिन तिमाहीच्या अखेरीस कूस बदलते. एकतीस मार्चला नानांना फोन केला तर माई सांगते, "क्लोजिंगला बसलेत."

स्पेनच्या सान्तोन्याहून आलेल्या अँचोव्हींवरून तेवढा खटका उडाला. अँचोव्ही मिठात महिनोन्महिने मुरवतात, मग बायका हाताने एकेक काटा काढून तिचे पातळ तुकडे तेलात रचतात. हा डबा बाकीच्या डब्यांसारखा बंद केल्यावर उकळत्या वाफेतून काढलेला नसतो, म्हणून तो फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. नानांनी हे समजावल्यावर माई म्हणाली, "मीठ लावलेला मासा फ्रिजमध्ये? आमच्या आईचा खारा बांगडा आख्खा पावसाळा माळ्यावर काढायचा." तरी तिने दुधाशेजारी जागा दिली. दुसऱ्या दिवसापासून घरात चहा कोरा झाला. अँचोव्हीच्या शेजारचं दूध ती वापरणार नव्हती.

डबा उघडणं हा रविवारी संध्याकाळचा कार्यक्रम. आम्हाला सात वाजता बोलावतात आणि डबा साडेआठला उघडतो. मधला वेळ इतिहासाचा. निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने अन्न बाटलीत बंद करून उकळलं तर ते टिकतं हे दाखवलं, १८१० मध्ये त्याला सरकारने १२ हजार फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. इथे नाना थांबतात आणि सगळ्यांकडे बघतात. कारण डबा उघडायचं हत्यार आलं १८५० नंतर! मधली चार दशकं माणसं हातोडा आणि छिन्नी घेऊन जेवायला बसत होती. "चार दशकांची पेंडिंग एंट्री," नाना म्हणतात, आणि हा विनोद आहे हे आम्हाला माहीत असल्याने आम्ही हसतो. मग ब्रिटनीच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सार्डिन कशी नाहीशी झाली, फ्रेंच कारखानदार तिच्यामागे पोर्तुगालला कसे गेले, रामिरेस हा कारखाना १८५३ पासून आजवर कसा चालू आहे, हे होतं. माझा चुलतभाऊ म्हणतो, तेवढ्या वेळात आपण पोर्तुगालला जाऊन जेवून आलो असतो.

अखेर झाकण निघतं. ते निघताना कुणी बोलायचं नाही. त्यानंतर माणशी एक मासा, पावाचा एक तुकडा आणि मत द्यायची सक्ती. 'छान आहे' हे मत धरत नाहीत.

एकदा नानांनी मातोझिन्योशच्या पिन्याइश कारखान्याची सार्डिन काढली. १९२० पासूनचा कारखाना, डबा अजूनही हाताने कागदात गुंडाळतात. आत तिखटाच्या तेलात सार्डिन, सोबत मिरची, मिरी, तमालपत्र, लवंग, गाजराची आणि काकडीची चकती. मिरची पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली आणि मिरी आपल्याकडून नेली, त्यामुळे हा डबा म्हणजे चारशे-पाचशे वर्षांचं चालू खातं आहे, असं नाना सांगत होते. माईने स्वयंपाकघरातून येता येता पावाचा तुकडा त्या तेलात बुडवला. "लवंग एकच घातलीय," ती म्हणाली, "आणि ती बरोबर घातलीय." माईकडून शेजारच्या वहिनींच्या सोलकढीलासुद्धा इतकी मोठी शाबासकी मिळालेली नाही. नानांनी ती त्या कारखान्याच्या वतीने स्वीकारली.

नाना या वेडात एकटे नाहीत. बार्सिलोनात 'किमेट इ किमेट' नावाचा एवढासा बार आहे, १९१४ पासूनचा. तिथे लोक उभे राहून डब्यातले शिंपले आणि ट्यूना खातात आणि ते ताजे नाहीत याबद्दल कुणी तक्रार करत नाही; गालिसियातला चांगला खुबा डब्यात जाण्यासाठीच निवडलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या तरुण मुलांना हा शोध नव्याने लागला आणि डब्यांवरची चित्रं आणखी देखणी झाली. यातल्या काहींना चित्र हवं असतं, काहींना प्रथिनं, काहींना फोटो. नानांची जात निराळी. आयुष्यभर मासळीबाजारात अडाणी ठरलेल्या माणसाला इथे कुणी फसवू शकत नाही, हा त्यांचा खरा आनंद आहे. चव त्यावरचं व्याज.

हा आनंद गेल्या पावसाळ्याआधीपर्यंत निर्वेध होता. एका पाहुण्याने नानांना पोर्तुगीज सार्डिनचा एक फार महागाचा डबा भेट दिला होता. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत पातळ कागद, सोनेरी अक्षरं. कंपनीचं नाव सांगत नाही. नानांनी त्यासाठी खास माणसं बोलावली, व्याख्यान पावणेनऊपर्यंत नेलं आणि स्वतःच्या हाताने पहिला मासा माईच्या बशीत वाढला.

माईने तुकडा तोंडात ठेवला. दोनदा चावला. "हा बर्फात राहून आलाय," ती म्हणाली. "आणि अंगात चरबी नाही. धरला तेव्हा उपाशी होता."

"अगं, डब्यावर तसं काही लिहिलेलं नाही," नाना म्हणाले.

"माशावर लिहिलंय," माई म्हणाली आणि पोळ्या शेकायला निघून गेली.

पाहुणे पावाकडे बघू लागले. नानांनी डबा उचलला, तेल सांडू न देता तिरका केला आणि लॉट नंबर वाचला. पुष्कळ कारखाने त्या नंबरात वर्षातला कितवा दिवस ते घालतात. इथे आकडा होता ०७४. नानांनी बोटांवर महिने मोजले: एकतीस, अठ्ठावीस, म्हणजे मार्चचा मध्य. मग ते उठून वही घेऊन आले. पोर्तुगालमध्ये सार्डिनचा साठा घटल्यापासून हिवाळ्यात आणि वसंतात ती धरायला बंदी असते. आपल्याकडे जून-जुलैत असते तशी. मासेमारी साधारण मेच्या सुमारास सुरू होते, आणि सार्डिन अंगाने भरते ती उन्हाळ्यात. म्हणजे मार्चमध्ये डब्यात बसलेली ही सार्डिन त्या आठवड्यात समुद्रातून आलेली असणं कठीण. ती आधी कधीतरी धरून बर्फात ठेवलेली. नानांनी हे सगळं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. नियम, तारखा, निष्कर्ष. ते वाचून होईस्तोवर स्वयंपाकघरात माईच्या सहा पोळ्या झाल्या होत्या.

दुसरा एखादा त्या रात्री खचला असता. ऑडिटर खचत नाही, तो पद्धत सुधारतो. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पुढे जात नाही, त्याला मेकर-चेकर म्हणतात. नानांनी लाल वहीत उजवीकडे नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'चेकरची सही'. आता प्रत्येक खेपेतला एक डबा आधी माईसमोर उघडतो. तिने मान हलवली तर बाकीचे कपाटात जातात, नाही हलवली तर आम्हा पुतण्यांमध्ये वाटले जातात. माईने या जबाबदारीचा मोबदला म्हणून रविवारच्या बाजारातून नानांचं नाव काढून घेतलं. तिथे ती आता एकटीच जाते आणि नाना घरी बसून लॉट नंबर वाचतात.

नानांच्या मते या व्यवस्थेमुळे त्यांचा संग्रह निर्दोष झाला. माईच्या मते त्यामुळे कपाट निम्मं रिकामं झालं आणि टीसेटला जागा मिळाली. दोघांचंही म्हणणं वहीत नोंदलेलं आहे, आणि चेकरच्या रकान्यात सही माईची आहे.